पट्टी बदलल्यावर कॉर्ड्स चुकीच्या दिसतात तेव्हा काय करावे

गायिका तालमीला येते आणि म्हणते, "आज पांढरी सहा नको, काळी पाच धरा." म्हणजे गाणे पेटीवर एक घर वर न्यायचे. हार्मोनियम वाजवणाऱ्याला यात अवघड काहीच नसते. स्केलचेंजर पेटी असेल तर तो पट्टी एक घर सरकवतो आणि बोटे नेहमीच्याच जागी ठेवून वाजवू लागतो. संगणकावरच्या किंवा टॅबवरच्या साथीच्या सॉफ्टवेअरमध्येही ट्रान्स्पोजचा, म्हणजे पट्टी बदलण्याचा, आकडा एकने वाढवला की आवाज निमूटपणे वर जातो. अडचण पडद्यावर येते. कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, जी नावे तेथे उमटतात, ती कधी वाजणाऱ्या सुराशी जुळत नाहीत, कधी जुळतात पण वाचवत नाहीत, आणि कधी अर्धी बदललेली असतात व अर्धी जुनीच राहिलेली असतात. बँड-इन-अ-बॉक्स, आयरियल प्रो, म्यूझस्कोर किंवा कॉर्डप्रो पद्धतीच्या, म्हणजे गीताच्या ओळीतच कॉर्ड लिहिलेल्या, फाइली वाचणारे एखादे ॲप यांपैकी काहीही वापरत असलात, तरी दोषांचे प्रकार थोडेच आहेत आणि ते ओळखण्याची रीत एकच आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो, कारण ती फार जणांकडून होते. ठाण्यातल्या एका भावगीतांच्या कार्यक्रमाच्या तालमीत गायिकेने काळी पाच मागितली आणि मी सॉफ्टवेअरच्या पट्टीच्या रकान्यात ए शार्प, म्हणजे ए च्या लगेच वरची पट्टी, निवडले. बी फ्लॅट, म्हणजे बी च्या लगेच खालची पट्टी, हे तिचेच दुसरे नाव. आवाज बिनचूक आला. मात्र गिटारवादकाच्या पडद्यावर ए शार्प, डी शार्प, एफ सेव्हन, जी मायनर अशी मालिका उमटली. दुसऱ्या कडव्यात त्याने डी शार्पच्या जागी डी वाजवला, कारण लहान पडद्यावर शार्पचे चिन्ह अक्षराला चिकटून पुसट दिसत होते. तेथे ई फ्लॅट लिहिलेले असते, तर त्याचा हात आपोआप योग्य जागी गेला असता. बी फ्लॅटमध्ये ई फ्लॅट येतो हे त्याच्या बोटांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. सूर तोच आणि पट्टीही तीच असताना केवळ नाव चुकल्यामुळे वाजवणे चुकले होते.

आवाज चुकला की अक्षर, हे आधी ठरवावे

कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी, चूक ऐकू येणाऱ्या सुरात आहे की दिसणाऱ्या नावात आहे, याचा निकाल लावावा. साथीच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी तीन वेगवेगळ्या जागी बदलता येते. पहिल्या जागी गाणेच हलते, म्हणजे कॉर्ड्सची नावे आणि आवाज दोन्ही बरोबरीने सरकतात. दुसऱ्या जागी फक्त वाजणारा आवाज हलतो आणि कागद आहे तसा राहतो. तिसऱ्या जागी फक्त दिसणारी अक्षरे हलतात आणि आवाजाला धक्का लागत नाही. ही सोय क्लॅरिनेट, सॅक्सोफोन किंवा कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायची पकड, लावलेल्या गिटारसाठी केलेली असते. पडद्यावर या तिन्ही सोयी शेजारी शेजारी असतात आणि तिन्हींच्या नावात ट्रान्स्पोज हा शब्द असतो. घोटाळा तेथूनच सुरू होतो.

बँड-इन-अ-बॉक्स हे १९९० साली आलेले, या प्रकारातले जुने आणि जाणते सॉफ्टवेअर आहे. त्याच्या पट्टीच्या यादीत गाणे ट्रान्स्पोज करून नवी पट्टी लावणे आणि कॉर्ड्स न हलवता फक्त पट्टीचे नाव बदलणे, असे दोन स्वतंत्र पर्याय मिळतात, आणि दिसण्यापुरते हलवण्यासाठी व्हिज्युअल ट्रान्स्पोज ही तिसरी सोय आहे. घाईत दुसरा पर्याय निवडला गेला, तर कॉर्ड्स जुन्या पट्टीतल्याच राहतात आणि वर नाव मात्र नव्या पट्टीचे लागते. अशा वेळी कॉर्ड्स एकेक करून हाताने बदलत बसू नये. बदल मागे घ्यावा आणि योग्य पर्यायाने पुन्हा करावा.

निदानासाठी मी चार मात्रांच्या चार आवर्तनांची एक छोटी फाइल कायमची जवळ ठेवली आहे. तिची पट्टी सी, म्हणजे पांढरी एक आहे. पहिल्या आवर्तनात सी, दुसऱ्यात एफ शार्प मायनर, तिसऱ्यात बी फ्लॅट सेव्हन आणि चौथ्यात जी, ज्याच्या बेसला बी आहे (तो तिरप्या रेघेनंतर लिहितात). ही फाइल तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, वर न्यावी. सर्व ठीक असेल तर ई फ्लॅट, ए मायनर, डी फ्लॅट सेव्हन आणि बेसला डी असलेला बी फ्लॅट दिसतील. डी शार्प, ए मायनर, सी शार्प सेव्हन असे दिसले, तर सूर बरोबर असून नावांची निवड चुकली आहे. शेवटच्या कॉर्डमध्ये बी फ्लॅटच्या बेसला अजूनही बी दिसत असेल, तर सॉफ्टवेअर तिरप्या रेघेनंतरचे अक्षर हलवत नाही. काहीच बदलले नाही आणि आवाज मात्र वर गेला, तर आपण फक्त आवाज हलवणारी सोय वापरली आहे. एका मिनिटाच्या या तपासणीने पुढचा अर्धा तास वाचतो.

अक्षर आणि आवाज यांत तफावत असेल, तर ती किती अर्धस्वरांची आहे ते मोजावे. पडद्यावर दिसणाऱ्या पहिल्या कॉर्डचा मूळ स्वर पेटीवर वाजवावा, मग सॉफ्टवेअरमधून वाजणाऱ्या त्याच कॉर्डचा बेस ऐकावा, आणि ऐकू येणाऱ्या स्वरापासून दिसणाऱ्या स्वरापर्यंत वर जात काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजाव्यात. हा आकडाच दोषाचे नाव सांगतो. २ आला तर बी फ्लॅट वाद्यांसाठीचे दर्शन चालू राहिले आहे (ही वाद्ये कोणती ते पुढे येते). ९ आला तर ई फ्लॅट वाद्यांसाठीचे. १० आला तर कोणीतरी बी फ्लॅट वाद्यासाठी दोन वर जाण्याऐवजी दोन खाली गेले आहे, आणि ३ आला तर ई फ्लॅट वाद्याबाबत तीच उलट दिशा झाली आहे. ४ म्हणजे बी फ्लॅटचे रूपांतर दोनदा झाले. ६ म्हणजे ई फ्लॅटचे रूपांतर दोनदा झाले, कारण नऊ आणि नऊ अठरा, त्यातून एक सप्तक म्हणजे बारा वजा केले की सहा उरतात. गिटारवादकाच्या टॅबवर मात्र ३ किंवा ९ यांपैकी काही आढळले, तर आधी कॅपोची सेटिंग पाहावी. फोनवरचा ट्यूनर या मोजणीला चालेल, पण कॉर्डचे नाव ठरवायला त्याचा आधार घेऊ नये. बरेच ट्यूनर काळ्या पट्टीला नेहमी शार्पच म्हणतात.

काळी पाच म्हणजे ए शार्प की बी फ्लॅट

आपल्याकडच्या पट्ट्यांची नावे पेटीवरून आली आहेत. पांढरी एक म्हणजे सी आणि पांढरी सात म्हणजे बी. काळी एक ते काळी पाच या अनुक्रमे सी आणि डी यांमधली, डी आणि ई यांमधली, एफ आणि जी यांमधली, जी आणि ए यांमधली, आणि ए व बी यांमधली पट्टी. गाणाऱ्याला आणि पेटीवाल्याला ही नावे अगदी पुरेशी आहेत, कारण ती थेट पट्टीकडे बोट दाखवतात. मात्र त्या पट्टीला शार्प म्हणायचे की फ्लॅट, हा प्रश्न ती विचारतच नाहीत. पाश्चात्त्य लिपीत कॉर्ड लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला तो विचारावाच लागतो. आणि आपल्याकडे पुरुष गायकांची काळी एक, गायिकांची काळी चार किंवा काळी पाच, अशा काळ्या पट्ट्या सर्रास वापरात असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला वारंवार भेटतो.

उत्तर पट्टीगणिक ठरलेले आहे, आणि मेजर व मायनर यांसाठी ते वेगळे असू शकते. मेजर गाण्यासाठी काळी एक डी फ्लॅट म्हणून लिहावी, कारण तिला पाच फ्लॅट लागतात, तर सी शार्पला सात शार्प. मायनर गाणे असेल तर उलट: सी शार्प मायनरला चार शार्प पुरतात आणि डी फ्लॅट मायनरला आठ फ्लॅट लागले असते. काळी दोन मेजरमध्ये निःसंशय ई फ्लॅट, तीन फ्लॅटची. डी शार्प मेजर लिहायला गेल्यास नऊ शार्प होतील. तिच्या मायनरला दोन्ही बाजूंनी सहा-सहा चिन्हे आहेत, म्हणून तेथे वादकांना विचारून ठरवावे. काळी तीन मेजरमध्येही सहा-सहाची बरोबरी आहे. गिटार मुख्य असेल तर मी एफ शार्प आणि फुंकीची वाद्ये असतील तर जी फ्लॅट निवडतो. मायनरमध्ये मात्र एफ शार्प मायनरच, तीन शार्पचा. काळी चार मेजरमध्ये ए फ्लॅट, चार फ्लॅटची, आणि मायनरमध्ये जी शार्प मायनर, पाच शार्पचा. काळी पाच मेजरमध्ये बी फ्लॅट, फक्त दोन फ्लॅटची, आणि मायनरमध्येही बी फ्लॅट मायनर, पाच फ्लॅटचा. माझ्या तालमीत मी निवडलेल्या ए शार्प मेजरला दहा शार्प लागतात. प्रमाणित मिडी फाइलमध्ये, म्हणजे स्वर आकड्यांत साठवणाऱ्या फाइलमध्ये, पट्टीच्या नोंदीला जास्तीत जास्त सात शार्प किंवा सात फ्लॅट एवढीच जागा आहे, त्यामुळे दहा शार्पची पट्टी तिच्यात लिहिताच येत नाही.

मिडीमध्ये याहूनही मूळची एक मर्यादा आहे. त्यात प्रत्येक स्वराला ० ते १२७ यांमधला एक आकडा असतो. मधल्या सीचा आकडा ६० आणि त्यावरच्या एफ शार्पचा ६६. जी फ्लॅटचाही ६६च. आकड्यावरून सूर कळतो, नाव कळत नाही. म्हणून मिडी फाइल उघडून तिच्यातून कॉर्ड्स ओळखणारे सॉफ्टवेअर काळ्या पट्ट्यांची नावे अंदाजाने, म्हणजे पट्टीच्या नोंदीवरून ठरवते, आणि ती नोंद नसेल किंवा चुकीची असेल तर सगळे गाणे शार्पमध्ये लिहून टाकते. अशा फाइलमध्ये कॉर्ड्स दुरुस्त करण्याआधी पट्टी दुरुस्त करावी; पुष्कळदा कॉर्ड्स पुन्हा ओळखायला लावल्या की नावे आपोआप सुधारतात.

योग्य नाव काढण्याची रीत हाताने एकदा करून पाहिली, म्हणजे सॉफ्टवेअर कोठे चुकते ते पक्के समजते. अंतराला दोन मापे असतात: किती अर्धस्वर, आणि किती अक्षरे. ए मेजरमधले एक गाणे घ्या, ज्यात ए, डी, ई सेव्हन, एफ शार्प मायनर, बी मायनर आणि सी शार्प सेव्हन एवढ्या कॉर्ड्स आहेत. ते पांढरी सहावरून काळी पाचवर न्यायचे, म्हणजे अर्धस्वर एक आणि अक्षरही एक, ए वरून बी कडे. आता प्रत्येक कॉर्डचे अक्षर एकाने पुढे न्यावे आणि मगच शार्प-फ्लॅट लावून अर्धस्वर जुळवावा. ए चे बी फ्लॅट झाले, डी चे ई फ्लॅट, ई सेव्हनचे एफ सेव्हन, एफ शार्प मायनरचे जी मायनर, बी मायनरचे सी मायनर आणि सी शार्प सेव्हनचे डी सेव्हन. सहाही नावे बी फ्लॅटच्या घरातली आहेत आणि मूळ कागदावरची दोन्ही शार्प चिन्हे नाहीशी झाली आहेत. जे सॉफ्टवेअर फक्त अर्धस्वर मोजते आणि बारा नावांच्या एका ठरीव यादीतून उचलते, ते याच गाण्यात ए शार्प आणि डी शार्प यांच्या शेजारी एफ सेव्हन ठेवते. शार्प आणि साधी अक्षरे यांची अशी बेमेळ सरमिसळ दिसली, की अक्षरे मोजली गेली नाहीत असे समजावे.

दुरुस्ती सॉफ्टवेअरप्रमाणे बदलते. पट्टी निवडायची यादी असेल तर तीत काळ्या पट्टीची दोन्ही नावे आहेत का ते पाहून योग्य ते निवडावे, नुसते अधिक-उणे बटण दाबत जाऊ नये; बटणाला कोठे जायचे आहे ते ठाऊक नसते, यादीला असते. कॉर्डप्रोच्या मूळ प्रणालीत ट्रान्स्पोजच्या आदेशापुढे अधिक आकडा दिला तर शार्प वापरले जातात आणि उणे आकडा दिला तर फ्लॅट. म्हणून सी मधले गाणे काळी दोनमध्ये न्यायचे असेल, तर अधिक ३ न देता उणे ९ द्यावे. सप्तकाचा फरक कॉर्डच्या नावात दिसत नाही, आणि डी शार्प, जी शार्प, ए शार्प यांच्याऐवजी ई फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट मिळतात. ही युक्ती इतर काही ॲप्समध्येही लागू पडते, पण फक्त जेथे फाइल वाचण्यापुरती आहे तेथेच. आवाजही त्याच आकड्याने हलत असेल तर बेस एक सप्तक खाली जाईल. म्यूझस्कोरमध्ये साधनांच्या यादीतून ट्रान्स्पोज करताना कॉर्डची चिन्हेही हलवावीत, असा एक वेगळा चौकोन असतो; त्यावर खूण नसेल तर नोटेशन नव्या पट्टीत आणि कॉर्ड्स जुन्या पट्टीत, असा कागद छापला जातो.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन

गोव्यातल्या वाचून वाजवणाऱ्या वादकांना किंवा बँडमधून आलेल्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांना साथीला घेतले, की तिसऱ्या जागेचे, म्हणजे फक्त दिसण्याचे रूपांतर लागते. नेहमीची क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी फ्लॅट वाद्ये आहेत: वादक सी वाचून वाजवतो तेव्हा बी फ्लॅट ऐकू येतो. म्हणून त्याच्या कागदावरची प्रत्येक कॉर्ड खऱ्या कॉर्डपेक्षा दोन अर्धस्वर वर लिहिलेली हवी. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅट वाद्य आहे आणि त्याच्यासाठी कॉर्डची नावे नऊ अर्धस्वर वर हवीत. बी फ्लॅट हे नाव वाचून अनेक जण दोन खाली जातात, कारण सी वरून बी फ्लॅट खालीच असतो. दिशा पक्की करण्यासाठी एकच खूण लक्षात ठेवावी: खरी कॉर्ड बी फ्लॅट असेल तेव्हा बी फ्लॅट वादकाच्या कागदावर सी दिसला पाहिजे, आणि खरी कॉर्ड ई फ्लॅट असेल तेव्हा ई फ्लॅट वादकाच्या कागदावरही सीच दिसला पाहिजे.

दुहेरी रूपांतर हा येथला सर्वांत त्रासदायक दोष आहे. कोणीतरी पाठवलेली फाइल आधीच क्लॅरिनेटसाठी लिहिलेली असते, आपल्या ॲपमध्ये मागच्या कार्यक्रमाची बी फ्लॅटची सेटिंग चालू राहिलेली असते, आणि एफ मधले गाणे जी दिसण्याऐवजी ए दिसते. सेटिंग गाण्यापुरती आहे की सगळ्या ॲपला लागू आहे, हे एकदा नीट पाहून घ्यावे. सर्व ॲपला लागू होणारी असेल, तर कार्यक्रम संपताच ती मूळ जागी आणावी, आणि फाइली नेहमी खऱ्या पट्टीत साठवून वादकासाठीचे रूपांतर फक्त पाहताना करावे.

नावांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, तोही योग्य लिहिलेल्या कागदावरून. पांढरी सातमधले गाणे बी मेजरमध्ये पाच शार्पनी अगदी रास्त लिहिलेले आहे. आल्टो सॅक्सोफोनसाठी ते अक्षर आणि अर्धस्वर काटेकोर मोजून वर नेले, तर जी शार्प मेजर होते, आठ शार्पचे. वादकाला हवा असतो ए फ्लॅट, चार फ्लॅटचा. म्हणजे मोजणी अचूक असूनही या एका ठिकाणी नाव पलटावे लागते. म्यूझस्कोरमध्ये वाद्याच्या ओळीसाठी शार्प की फ्लॅट पट्टी पसंत करावी हे ठरवण्याची सोय आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती नाही, तेथे त्या एका वादकासाठी वेगळी प्रत करून तिची पट्टी हाताने ए फ्लॅट निवडावी. त्याच न्यायाने क्लॅरिनेटवाल्याला काळी पाचमधले गाणे मिळाले तर त्याच्यासमोर साधा सी येतो, आणि पांढरी सहामधले मिळाले तर पाच शार्पचा बी. गायिकेला दोन्ही पट्ट्या सारख्याच सोयीच्या असतील, तर काळी पाच घ्यावी, असे मी मोकळेपणाने सुचवतो.

कॅपो आणि कीबोर्डचे बटण

कॅपोचा हिशेब उलट दिशेचा आहे. कॅपो तिसऱ्या घरात असेल आणि गिटारवादक जी चा आकार धरत असेल, तर बी फ्लॅट वाजतो. म्हणून बी फ्लॅट कॉर्ड त्याच्या पडद्यावर तीन खाली, जी म्हणून दिसली पाहिजे. काही ॲप्स कॅपोचा आकडा दिल्यावर अक्षरे खाली आणतात, तर काही समजतात की लिहिलेले आकारच आहेत आणि आवाज वर नेतात. बी फ्लॅटची एकच कॉर्ड लिहून कॅपो तीन लावून पाहावा: पडद्यावर जी आणि कानावर बी फ्लॅट आला तर हवे तेच झाले, पडद्यावर बी फ्लॅट आणि कानावर डी फ्लॅट आला तर दुसरा प्रकार आहे. अक्षराबरोबर बोटांच्या जागांची आकृतीही बदलली का, तेही पाहावे, कारण आकृती चित्र म्हणून चिकटवलेली असेल तर ती जुनीच राहते.

कीबोर्डवरचे ट्रान्स्पोजचे बटण स्केलचेंजर पेटीसारखे आहे: दाबलेली पट्टी एक आणि वाजणारा सूर दुसरा. अधिक तीन ठेवून डाव्या हाताने सी धरला तर ई फ्लॅट वाजतो, आणि कीबोर्डच्या खिडकीत सी दिसेल की ई फ्लॅट, हे त्या त्या बनावटीवर अवलंबून असते. कीबोर्ड संगणकाला जोडलेला असेल तर आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे बाहेर जाणारा मिडी संदेश हलवलेला जातो की न हलवलेला. सॉफ्टवेअरच्या मिडी तपासणीच्या खिडकीत मधला सी दाबून पाहावा. ६० दिसला तर कीबोर्ड फक्त स्वतःच्या आवाजापुरता हलवत आहे. ६३ दिसला तर बाहेरही हलवत आहे, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा तीन टाकले तर सहा होतील. मी एक नियम पाळतो: संगणक जोडलेला असताना कीबोर्डचे बटण शून्यावर ठेवायचे आणि पट्टी फक्त सॉफ्टवेअरमध्ये बदलायची.

ज्या कॉर्ड्स हलतच नाहीत

सगळे गाणे हलले आणि दोन-चार कॉर्ड्स जुन्याच राहिल्या, तर सॉफ्टवेअरने त्यांना कॉर्ड म्हणून ओळखलेलेच नाही. कारणे साधी असतात. फ्लॅटसाठी कोठे छोटे बी अक्षर टंकलेले असते आणि कोठे संकेतस्थळावरून उचललेले फ्लॅटचे खरे चिन्ह असते. सॉफ्टवेअरला यांपैकी एकच कळते. जर्मन पद्धतीच्या कागदावर बी फ्लॅटला नुसते बी आणि बी ला एच म्हणतात, त्यामुळे एच ही अनोळखी ठरते आणि बी एका अर्धस्वराने चुकते. मेजर सेव्हनसाठी काढलेला त्रिकोण, अक्षराआधी राहिलेली मोकळी जागा, पाच आकड्यापूर्वीचा फ्लॅट या सर्वांवर वाचणारे सॉफ्टवेअर अडखळते. त्यातला शेवटचा प्रकार तर खरोखर संदिग्ध आहे: बी, छोटे बी आणि पाच अशी तीन चिन्हे लागोपाठ आली, तर ती बी फ्लॅटची पॉवर कॉर्ड (फक्त मूळ स्वर आणि पंचम असलेली) की फ्लॅट पंचम असलेला बी, हे माणसालाही सांगता येणार नाही. फ्लॅट पंचम अभिप्रेत असेल तर तो कंसात लिहावा. मिडी फाइलमध्ये गीताच्या किंवा मजकुराच्या नोंदीत टाकलेल्या कॉर्ड्स हा निव्वळ मजकूर असतो, तो ट्रान्स्पोज होत नाही. त्या कॉर्डच्या रकान्यात नव्याने भराव्यात.

मराठी गीतांच्या कागदावर एक दोष खास आपला आहे. ओळीच्या वर मोकळ्या जागा सोडून कॉर्ड्स लिहिण्याची पद्धत रोमन अक्षरांच्या समान रुंदीच्या टंकासाठी चालते. देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे अक्षरांची रुंदी सारखी नसते, म्हणून कॉर्ड आधीच थोडी इकडेतिकडे असते. आणि ट्रान्स्पोज केल्यावर एका अक्षराच्या ए ची जागा दोन चिन्हांच्या बी फ्लॅटने घेतली, की त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या कॉर्ड्स उजवीकडे ढकलल्या जातात. शेवटची कॉर्ड एका संपूर्ण शब्दाने पुढे गेलेली मी पाहिली आहे. यावर उपाय म्हणून कॉर्डप्रोप्रमाणे चौकटी कंसातली कॉर्ड ओळीच्या आतच, ज्या अक्षरावर ती येते त्याच्या लगेच आधी ठेवावी. मात्र कंस संपूर्ण अक्षराच्या आधी हवा. "सांज उतरली नदीकाठी" अशी ओळ असेल आणि कॉर्ड "दी"वर हवी असेल, तर कंस "न" आणि "दी" यांच्या मध्ये टाकावा. तो "द" आणि त्याच्या वेलांटीच्या मध्ये गेला, तर वेलांटी अक्षरापासून तुटते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. जोडाक्षराच्या पोटातही कंस घालू नये.

गाण्याच्या मध्ये पट्टी बदलते तेव्हा

शेवटचे कडवे एक पट्टी वर नेण्याची पद्धत असते. बहुतेक सॉफ्टवेअर नावे ठरवताना गाण्याच्या सुरुवातीची पट्टी पाहते, त्यामुळे ए मधून बी फ्लॅटमध्ये गेलेले कडवे ए च्या हिशेबाने शार्पमध्ये लिहिले जाते. ज्या आवर्तनात पट्टी बदलते तेथे नव्या पट्टीची नोंद टाकावी, आणि त्यानंतर संपूर्ण गाणे ट्रान्स्पोज केले तर ती नोंदही हलते का, ते पाहावे. हलली नाही तर दुसरा भाग पुन्हा बिघडतो.

हे पाहण्याची सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे कॉर्ड्स आकड्यांत दाखवणारी सोय चालू करणे. पट्टीतला पहिला स्वर १, चौथा ४, पाचवा ५ अशी ती पद्धत आहे, आणि सा कोठेही ठेवून सरगम म्हणणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. गाणे कोणत्याही पट्टीत नेले तरी आकडे बदलता कामा नयेत. ट्रान्स्पोज केल्यावर १ च्या जागी शार्प १ किंवा फ्लॅट २ दिसू लागला, तर कॉर्ड्स हलल्या पण पट्टीची नोंद मागे राहिली, असा त्याचा अर्थ आहे. नोंद दुरुस्त केली की अक्षरेही जागेवर येतात.

फाइल जपण्याबाबत एवढेच की, मूळ पट्टीतली प्रत कधीही पुसू नये आणि प्रत्येक बदल त्या प्रतीपासूनच करावा. वर तीन आणि पुन्हा खाली तीन असे केल्यावर सूर घरी परततो, पण नाव परततेच असे नाही. ए फ्लॅटने निघालेली कॉर्ड जी शार्प होऊन येते, आणि चार तालमींनंतर कागदावर दोन्ही नावे मिसळून बसतात. माझ्या फाइलींच्या नावात गाण्याच्या पहिल्या शब्दांनंतर पट्टी दोन्ही भाषांत असते: काळी पाच, बी फ्लॅट. प्रत कोणासाठी आहे तेही लिहितो, म्हणजे खरी पट्टी, क्लॅरिनेट किंवा कॅपो तीन. कार्यक्रमाआधी सर्व वादकांना पहिली कॉर्ड एकत्र धरायला सांगतो आणि प्रत्येकाला आपल्या कागदावरचे तिचे नाव मोठ्याने वाचायला लावतो. काळी पाचमधल्या गाण्याला कीबोर्डवाला बी फ्लॅट म्हणतो, क्लॅरिनेटवाला सी, आल्टो सॅक्सोफोनवाला जी, आणि तिसऱ्या घरात कॅपो लावलेला गिटारवादकही जी. ही चार उत्तरे आली की तबल्याला सम द्यायला हरकत नाही.